सेमीफायनलचा नववा माणूस

रुचाचा मेसेज आला तेव्हा मी दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसात मुलाखती घेत बसलो होतो. मेसेज इंग्रजीत होता, चार ओळींचा. बाबा मंगळवारी सकाळी गेले. दिवसही काल झाले. सगळं उरकल्यावरच तुम्हाला कळवायचं असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, म्हणजे यायचं की नाही हे ठरवायचा त्रास शिरीषकाकाला, म्हणजे मला, होणार नाही. शेवटी टेक केअर. मी फोन पालथा ठेवला आणि समोरच्या उमेदवाराला पुढचा प्रश्न विचारला. पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता, वगैरे. त्याने उत्तर दिलं, मी मान डोलावली, शेरा लिहिला. मुलाखत पूर्ण झाल्यावर पँट्रीत जाऊन पाणी प्यायलो तेव्हा कुठे लक्षात आलं, की मेल्यानंतरही तिच्या बाबांनी, जयंत मोघ्यांनी, माझ्याबद्दलचा अंदाज अचूक काढला होता. मी गेलो नसतो.

मोघे जळगावचे. दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत ते एस्टिमेटर होते आणि मी त्याच कंपनीत एचआरला. एखाद्या टॉवरचं टेंडर निघालं की त्याला काँक्रीट किती लागेल, माणसं किती लागतील, हे तर ते काढायचेच. पण शेजारच्या चार कंपन्या काय भाव भरतील आणि आपल्याला हे काम मिळेल का, हेही सांगायचे. 'नाही मिळणार' हे दोन शब्द त्यांच्याइतक्या शांतपणे बोलणारा माणूस मी पाहिला नाही. माणसांच्या बाबतीतही तसंच. आमच्या मजल्यावरच्या एका बाईंना त्यांनी भर हळदीकुंकवाला, वाण देताघेता सांगितलं होतं, की तुमचा मुलगा हुशार आहे पण मेडिकलचं विसरा. ती बाई त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही. मुलगा मेडिकलला गेला नाही. मला ते पहिल्या आठवड्यात म्हणाले होते, "एचआरमध्ये शोभतोस तू. तुझा चेहरा कुणाच्या लक्षात राहत नाही." मी तेव्हा छत्तीसचा होतो, ते चव्वेचाळीसचे. शारजात अल मजाजला एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. ते अकराव्या मजल्यावर, आम्ही सातव्या. सकाळी त्यांच्या गाडीतून दुबईला जायचं, संध्याकाळी त्यांच्याच गाडीतून परत. जाता-येता मिळून तीन तास. बायकोपेक्षा मी त्यांच्याशी जास्त बोलत असेन.

बोलायचा विषय एकच, बेसबॉल. मराठी माणसाला हे चमत्कारिक वाटेल, पण खान्देशात हा खेळ खेळणारे पुष्कळ आहेत आणि मोघे कॉलेजात असताना विद्यापीठाकडून खेळलेले होते. दुबईत थंडीच्या दिवसांत शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, एक हौशी लीग चालायची. आमच्या गटात पाच टीम होत्या. एक अमेरिकन इंजिनियरांची, एक जपानी कंपनीवाल्यांची, एक पाकिस्तान्यांची, एक फिलिपिनो मुलांची, आणि एक आमची, लगून लायन्स. मोघ्यांनी उभी केलेली. आमच्यातले निम्मे लोक क्रिकेटवाले, बॅट कशी धरायची इथपासून तयारी. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं आणि गटातल्या पहिल्या दोन टीम सेमीफायनलला. चार वर्षांत आम्ही कधी पहिल्या दोनांत आलो नव्हतो. मोघे कॅचर होते, म्हणजे फलंदाजाच्या मागे जाळीचा मुखवटा लावून उकिडवा बसणारा माणूस. त्या वयात ते बसणं गुडघ्यांचा जीव घेतं. पण कॅचरला अख्खं मैदान समोरून दिसतं, आणि मोघ्यांना ते दिसायला हवं असायचं.

दर गुरुवारी दुपारी त्यांचा ईमेल यायचा. वर गुणतक्ता, खाली आमची शक्यता टक्क्यांत, आणि त्याखाली प्रत्येक खेळाडूवर एकेक वाक्य. 'तिसऱ्या बेसवर शिंदे उभे असतील. चेंडूला त्यांचा काही अडथळा नाही.' 'शिरीष पळतो बरा, पण कधी पळायचं हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागतं.' शिंदे एकदा जेवणाच्या सुट्टीत रडवेले झाले होते. आम्ही बाकीचे हसलो होतो. दुसऱ्यावरचं वाक्य वाचायला मजा यायची, हे कबूल करायला हवं.

२००८ चा तो सीझन सुरू झाला तेव्हा अमेरिकेत बँका बुडाल्याच्या बातम्या येत होत्या, पण आमच्या खिडकीतून अजून क्रेन फिरताना दिसत होत्या. डिसेंबरपर्यंत त्यातल्या बऱ्याच थांबल्या. त्यावेळी आम्ही चारपैकी एक मॅच जिंकलो होतो. अमेरिकन चारही जिंकले होते, फिलिपिनो तीन. मोघ्यांनी ईमेलमध्ये आमची शक्यता लिहिली, 'चार टक्के, तेही मी जळगावचा असल्यामुळे.' आणि मग जानेवारीत लोक जायला लागले… आधी कुणाच्या ऑफिसातल्या दोघांना काढलं असं कानावर यायचं, मग नावं यायला लागली, मग माणसं दिसेनाशी झाली. जपान्यांचा पहिला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ओसाकाला परत गेला. पाकिस्तान्यांचे तीन भाऊ एकाच कंपनीत होते, तिघंही एकाच दिवशी घरी बसले. आम्ही त्या दोन्ही टीमना हरवलं. अमेरिकनांची आमच्याशी मॅच होती त्या शुक्रवारी त्यांचे सातच जण आले. नऊ जणांशिवाय टीम होत नाही. अंपायरने अर्धा तास वाट पाहिली आणि आम्हाला विजयी ठरवलं. त्यांच्यातला एक टक्कल पडलेला माणूस मोकळ्या स्टँडमध्ये एकटाच बसून सँडविच खात होता. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या.

मोघ्यांच्या ईमेलमध्ये आता एक नवा रकाना आला होता, कुठल्या टीममधले कोण कोणत्या कंपनीत आणि ती कंपनी किती दिवस टिकेल. टेंडरच्या धंद्यामुळे त्यांना बाजारातल्या सगळ्या बातम्या असायच्या. सकाळी गाडीत बसलं की म्हणायचे, "अमक्या कंपनीचा मरिनाचा प्रोजेक्ट बंद. म्हणजे फिलिपिन्यांचा शॉर्टस्टॉप, तो चपळ फिल्डर, गेला. आपण वीस टक्क्यांवर." मी विचारायचो, "नक्की?" ते म्हणायचे, "खलास." रस्त्यावरची गर्दी दर आठवड्याला कमी होत होती. ज्या वाटेला दीड तास लागायचा तिथे आम्ही पन्नास मिनिटांत पोचायला लागलो होतो. आम्हाला दोघांनाही त्यात आनंद वाटत होता. तो आनंद कशाचा होता हे दोघांनाही कळत होतं, आणि दोघंही बोलत नव्हतो.

फेब्रुवारीत हिशेब असा झाला, की आमचे चार विजय आणि फिलिपिन्यांचेही चार, आणि शेवटची मॅच आमची आणि त्यांचीच. जो जिंकेल तो सेमीफायनलला. त्यांचा पिचर रॉमेल नावाचा एक शांत मुलगा होता, इंटरनॅशनल सिटीत एका खोलीत सहा जण राहायचे त्यातला. आमच्यातल्या कुणालाच त्याचा चेंडू दिसायचा नाही. मॅचच्या आठवड्यात मोघे म्हणाले, रॉमेल ड्राफ्ट्समन आहे, त्याच्या कंपनीने सगळा ड्रॉइंग सेक्शन बंद केला. गुरुवारच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं, 'रॉमेलची नोकरी गेली. आपण पन्नास टक्के.' खाली तिघांनी स्मायली पाठवले. त्यातला एक मी.

आता जे सांगायचं ते मॅचच्या दहा दिवस आधीचं. आमच्या कंपनीतून काढायच्या लोकांची यादी माझ्याकडे आली होती. एकतीस नावं. एस्टिमेशनमधून चार, त्यात मोघे दुसरे. टेंडरच निघत नाहीत तर एस्टिमेटर कशाला, असा सरळ विचार होता. आमच्या डायरेक्टरने दार लावून मला सांगितलं, मॅच संपल्यानंतरच्या रविवारी… अर्थात त्याने मॅच म्हटलं नाही, तारीख सांगितली. मॅच माझ्या डोक्यात होती. त्या रविवारी पत्रं द्यायची, आणि तोवर बातमी फुटली तर यादीत बत्तिसावं नाव येईल. मोघ्यांचं पत्र मीच टाइप केलं. स्पेलिंग दोनदा तपासलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत मोघे म्हणाले, "मला मस्कतहून ऑफर आलीये. छोटी कंपनी आहे, पगार थोडा कमी. गुरुवारपर्यंत हो-नाही कळवायचंय." मी खिडकीबाहेर बघत होतो. ते म्हणाले, "तुला नावं सांगता येणार नाहीत, माहितीये मला. नाव विचारत नाही. फक्त सांग, थांबू की जाऊ?"

मी म्हणालो, "थांबा. मार्चपर्यंत तरी आपल्याकडे काही होत नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. जगातल्या प्रत्येक आकड्यावर शंका घेणारा हा माणूस. त्याने माझा शब्द जसाच्या तसा उचलला आणि तक्त्यात घातला. गुरुवारी त्यांनी मस्कतला 'नाही' असं कळवून टाकलं. मी असं का केलं याची कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ दिली. माझी नोकरी, मुलीची शाळा, डायरेक्टरची धमकी. ती खरीच होती. पण आणखी एक होतं. मोघे मस्कतला गेले असते तर आमच्याकडे कॅचर नव्हता. चार वर्षांत पहिल्यांदा आम्हाला संधी होती. हे कारण मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

शुक्रवारी रॉमेल आला. नोकरी गेली होती, पण व्हिसाचे काही दिवस शिल्लक होते. तो नेहमीसारखाच टाकत होता आणि आम्ही नेहमीसारखेच बाद होत होतो. शेवटच्या इनिंगला आम्ही एका रनने मागे, दोन जण बेसवर, आणि बॅटिंगला मोघे. दोन चेंडू त्यांच्या बॅटशेजारून गेले. तिसरा त्यांनी असा मारला, की तो दोन फिल्डरांच्या मधून कुंपणापर्यंत घरंगळत गेला. बेसवरचे दोघंही होम प्लेटला पोचले आणि आम्ही जिंकलो. मोघे लंगडत पहिल्या बेसवर गेले आणि तिथेच मातीत बसले. त्यांना उठता येईना. मी धावत गेलो तेव्हा ते रडत होते, हसत होते, आणि माझा हात धरून एकच म्हणत होते, "चार टक्के, शिरीष. डिसेंबरात चार टक्के होतो." त्यांचा हात माझ्या हातात होता आणि त्यांचं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये. मी सांगू शकलो असतो. अजून मस्कतला फोन करता आला असता, कदाचित. मी त्यांच्या पाठीवर थोपटलं.

मैदानातून निघताना रॉमेल आला आणि मोघ्यांशी हात मिळवून म्हणाला, "गुड हिट, सर. आय फ्लाय मंडे." एवढंच. परत येताना मोघ्यांनी सेमीफायनलचे टक्के काढले नाहीत. बिल्डिंगखाली गाडी लावल्यावर म्हणाले, "त्याच्यावर मी ईमेल लिहिला होता ना… तो नको होता लिहायला." त्यांच्या तोंडून पश्चात्तापाचं वाक्य मी ते एकदाच ऐकलं.

रविवारी सकाळी अकरा वाजता त्यांना माझ्या केबिनमध्ये बोलावलं गेलं. त्यांनी पत्र वाचलं, खालची तारीख पाहिली. टाइप केल्याची तारीख बदलायला मी विसरलो होतो. स्पेलिंग तपासलं होतं, तारीख नाही. तारीख बारा दिवसांपूर्वीची होती. ते बराच वेळ त्या तारखेकडे बघत राहिले. मग खिशातून पेन काढून सही केली आणि "झालं?" म्हणाले. मी म्हणालो, "मोघे…" ते म्हणाले, "बाहेर लाइन आहे. पुढच्याला बोलाव." संध्याकाळी मी बसने घरी आलो. वर अकराव्या मजल्यावरून रुचाचा आवाज डक्टमधून खाली येत होता. तेरा वर्षांची होती ती. "बट माय एक्झाम्स आर नेक्स्ट वीक, बाबा. बट माय एक्झाम्स." तेच वाक्य, पुन्हा पुन्हा.

त्या आठवड्यात गुरुवारचा ईमेल आला. मला वाटलं होतं येणार नाही. गुणतक्ता नव्हता, टक्के नव्हते. 'सेमीफायनल उद्या तीन वाजता. आपण नऊच उरलोय. सगळ्यांनी यावं. मी आहे.' बस.

मी गेलो नाही. सकाळपासून तयार होतो, बूट घातले होते. अडीच वाजता फोन बंद केला आणि बूट घालूनच पलंगावर आडवा झालो. मोघ्यांच्या समोर उभं राहून चेंडू झेलायचा, त्यांनी मला खुणा करायच्या, मी मान हलवायची… मला ते जमलं नसतं. नंतर शिंद्यांनी सांगितलं, आठ जण आले होते. मोघे पॅड, मुखवटा सगळं चढवून प्लेटमागे पाऊण तास उभे होते. अंपायरने दोनदा घड्याळ दाखवलं. मग त्यांनीच मुखवटा काढला आणि समोरच्या टीमच्या कप्तानाशी हात मिळवला.

संध्याकाळी कचरा टाकायला म्हणून निघालो आणि लिफ्टचं दार उघडलं तर आत मोघे. धुळीने माखलेले पॅड हातात. मी आत शिरलो, दुसरं काही सुचलं नाही. ते म्हणाले, "नोकरीचं मी समजू शकतो. तुला वरून सांगितलं असणार. मस्कतचंही समजेन मी, वेळ लागेल. आज का नाही आलास?"

तळमजला आला. ते म्हणाले, "मला वर जायचं होतं. तू खालचं बटण दाबलंस." त्यांच्याशी तिकडे झालेलं ते शेवटचं बोलणं. तीन आठवड्यांत ते जळगावला गेले. मी खिडकीतून सामानाचा टेम्पो पाहिला.

जळगावात त्यांना तसं काम कधी मिळालं नाही. एका बिल्डरकडे साइटवर मोजमापं घ्यायचे, संध्याकाळी कॉलेजच्या मुलींना बेसबॉल शिकवायचे. मी दिवाळीला मेसेज करायचो, पेपरच्या रविवारच्या पुरवणीत माझा दुबईवरचा लेख आला की तोही पाठवायचो, ते उत्तर द्यायचे, दोन शब्द. मग गेल्या वर्षी कळलं, की लिव्हरचं निघालंय. पुण्याला सुट्टीवर आलो होतो तेव्हा बायको म्हणाली, "या वेळी गेला नाहीत तर मी एकटी जाईन." गेलो. जळगावच्या हॉस्पिटलात चार खाटांच्या खोलीत मोघे होते, अंगाने निम्मे झालेले. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही. आवाज खाली आणून म्हणाले, "चौघांचा गट आहे आमचा. खिडकीजवळचा घरी जाईल, पोटात पाणी नाही त्याच्या. दाराजवळचे काका या आठवड्यात जातील. उरलो मी आणि हा समोरचा. तो माझ्यापेक्षा तरुण आहे, पण बायको भेटायला येत नाही त्याची. मी दोन महिने पुढे आहे त्याच्या." समोरचा माणूस जागा होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. मी विषय बदलायला गेलो तर मोघे म्हणाले, "त्याला माहितीये. मीच सांगितलंय. इथे खरं कुणीतरी सांगावं लागतं." आणि माझ्याकडे बघत राहिले. मी अर्ध्या तासात उठलो. माफी मागायची म्हणून पुण्याहून निघालो होतो, ती जिन्यात आठवली.

रुचाच्या मेसेजनंतर पंधरा दिवसांनी मी एकटाच जळगावला गेलो. दोन खोल्यांचा फ्लॅट, तिसरा मजला. मोघ्यांच्या बायकोने, वैशालीवहिनींनी, दार उघडलं, बसा म्हणाल्या, चहा आणला. रुचा पुण्याला नोकरीवर रुजू झाली होती. थोडा वेळ आजारपणाचं बोलणं झालं. मग त्या म्हणाल्या, "एक विचारू? मस्कत का सोडलं त्यांनी?"

मी कप खाली ठेवला.

"ते सगळ्यांना सांगायचे, रुचाच्या परीक्षेसाठी वैशालीने अडवलं," त्या म्हणाल्या. "सासूबाईंना, नणंदांना, सगळ्यांना. मी अडवलंच नव्हतं हो. मी बॅगा काढल्या होत्या माळ्यावरून. मी त्यांना म्हणायचे, असं का सांगता? तर म्हणायचे, कुणाचं तरी नाव सांगावं लागतं, तू घरातली आहेस. इतकी वर्षं या घरात प्रत्येक सणाला मी ते ऐकलंय. आजारी पडले तेव्हाही ऐकलं. मस्कतला असते तर चांगले उपचार झाले असते म्हणे."

मग मी सांगितलं. यादी, पत्र, गाडीतला प्रश्न, माझं उत्तर. मॅचचंही सांगितलं. माझं संपल्यावर त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला."

आतली खोली मोघ्यांची. खिडकीखाली त्यांची खाट, खाटेखाली खेळायचे बूट, खिळ्याला कॅचरचा मुखवटा, त्याच्या जाळीत अडकवलेली औषधांची चिठ्ठी. खाटेवर आता त्यांच्या आई बसल्या होत्या. नव्वदीच्या. मुलगा गेल्यापासून याच खोलीत झोपतात, वहिनी म्हणाल्या. "त्यांना कमी ऐकू येतं. मोठ्यांदा सांगा."

मी स्टुलावर बसलो आणि सांगितलं. आजींनी कानामागे हात धरला. "काय म्हणतोस?" मी पुन्हा सांगितलं, जास्त मोठ्याने. शेजारच्या फ्लॅटमधला टीव्ही बंद झाल्याचं कळलं. तिसऱ्यांदा मी जवळजवळ ओरडूनच म्हणालो, की वहिनींनी नाही, मी थांबवलं त्यांना, मी खोटं बोललो.

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मग दारात उभ्या असलेल्या सुनेकडे वळून म्हणाल्या, "मग इतके दिवस तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या.

मी उठलो. वहिनी दारातून बाजूला झाल्या नाहीत.

"दोघी नणंदा नाशिकला असतात," त्या म्हणाल्या. "दीर औरंगाबादला. तुम्ही लिहिता ना त्या रविवारच्या पुरवणीत? ती तिघांकडेही येते."